अणुकेंद्रक फिरल्यामुळे लांबतं का?

विज्ञानाच्या गटांत एक मजकूर फिरतोय: "अणुकेंद्रक जोरात फिरवलं की आधी पृथ्वीसारखं चपटं होतं, मग केंद्रोत्सारी बलाने ताणलं जाऊन दुप्पट लांब होतं. हा आकार थेट मोजलाय आणि आता तिप्पट लांबीचंही सापडलंय." यातलं बहुतेक चूक आहे.

"केंद्रोत्सारी बलाने ताणलं जातं." मूळ घोटाळा इथेच. सोव्हिएत संघातल्या डुबनाच्या संशोधन संस्थेत १९६२ साली अमेरिसियम-२४२ची सुमारे १४ मिलिसेकंद अर्धायुष्याची, आपोआप विखंडित होणारी अवस्था सापडली. अशा अवस्थांचा आकार साधारण २:१ असतो आणि कोनीय संवेग (फिरण्याचं माप) अगदी थोडा. मग ताणलं कोणी? कवचांनी, म्हणजे केंद्रकातल्या ऊर्जापातळ्यांच्या गठ्ठ्यांनी. अक्षांचं प्रमाण २:१ झालं की न्यूक्लिऑनच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या) ऊर्जापातळ्या पुन्हा गठ्ठ्यांनी जमतात आणि मध्ये मोठ्या फटी पडतात. कण फटीपाशी संपले की तो आकार टिकतो. ज्यात वेगाने फिरणारा असा आकार सापडला, त्या डिस्प्रोसियम-१५२चे ६६ प्रोटॉन आणि ८६ न्यूट्रॉन नेमके अशा फटींपाशी संपतात. गोल केंद्रकाच्या ५०, ८२ या जादुई संख्या (जिथे कवच पूर्ण भरतं) इथे कामाच्या नाहीत.

फिरण्याचं काम वेगळं आहे. कोनीय संवेग ६० एच-बार (संवेगाचं क्वांटम एकक) असताना फिरण्याची ऊर्जा ढोबळमानाने ६० × ६१ भागिले निरूढी परिबलाची (फिरवायला होणाऱ्या विरोधाच्या मापाची) दुप्पट. परिबल ७० एकक (कमी लांबट आकार) धरलं तर २६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट), ८५ (२:१ आकार) धरलं तर २१.५. लांबट आकार शून्य संवेगाला कित्येक एमईव्ही महाग पडतो. पन्नास एच-बारच्या पुढे तोच स्वस्त ठरतो. म्हणून तिथे तो दिसतो.

"आधी चपटं होतं." फिरत्या द्रवथेंबाच्या प्रतिमानात हे खरं, आणि मजकूर बहुधा तिथूनच उचललाय. पण सममिती-अक्षाभोवती सामूहिक फिरणं क्वांटम नियमांत बसतच नाही. डिस्प्रोसियम-१५२च्या चपट्या अवस्थांमध्ये संवेग येतो तो सुट्या न्यूक्लिऑनच्या कक्षा एका दिशेला वळल्याने. त्यामुळे गॅमा रेषांची (पातळ्या उतरताना सुटणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जांची) अंतरं समान न राहता वेडीवाकडी पडतात.

"थेट मोजलाय." इंग्लंडमधल्या डेअर्सबरी प्रयोगशाळेत १९८६ साली पॅलेडियम-१०८वर २०५ एमईव्हीचा कॅल्शियम-४८चा झोत सोडला. चार न्यूट्रॉन उडाल्यावर उरलेल्या डिस्प्रोसियम-१५२मधून १९ गॅमा रेषांची माळ मिळाली, शेजारच्या दोन रेषांत सुमारे ४७ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट) अंतर. चार भागिले हे अंतर (एमईव्हीत) म्हणजे निरूढी परिबल, साधारण ८५. पण त्यावरून आकार सिद्ध होत नाही: टर्बियम-१५१ या वेगळ्याच केंद्रकाची एक उत्तेजित माळ या रेषांशी एक-दोन केईव्हीत जुळते! खरा पुरावा माळेतल्या पातळ्यांच्या आयुर्मानाचा. लक्ष्याच्या पाठीला जड धातूचा थर लावतात. उसळलेलं केंद्रक त्यात थांबायला पिकोसेकंदाच्या आसपास वेळ घेतं. माळेच्या वरच्या टोकाच्या रेषा त्याआधीच सुटतात, म्हणून जवळपास पूर्ण डॉप्लर सरक (केंद्रकाच्या वेगामुळे रेषेच्या ऊर्जेत पडणारा फरक) दाखवतात. त्यावरून आयुर्मान, त्यावरून चतुर्ध्रुवी परिबल (विद्युतभार किती लांबट पसरलाय त्याचं माप), आणि मग आकार. पातळ्यांना बाजूने होणारा पुरवठा मंद असेल तर आयुर्मान फसवं मोठं निघतं. धातूतल्या गतिरोधाच्या तक्त्यांची चूकही १०–१५ टक्के उत्तरात उतरते. शिवाय या केंद्रकाच्या एकूण गॅमांत माळेचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के, त्यामुळे कॉम्प्टन पार्श्वभूमी (शोधकातून अर्धवट ऊर्जा सोडून निसटलेल्या गॅमांचा गोंगाट) दाबणारी बीजीओ स्फटिकांची आवरणं गॅमा-शोधकांभोवती नसतील तर ती दिसतच नाही.

"तिप्पट लांबीचं सापडलंय." नाही. त्या दिशेचे इशारे काही प्रयोगांत मिळाले, पण वेगाने फिरणाऱ्या केंद्रकात ३:१ आकाराची सुट्या रेषांची सर्वमान्य माळ अजून मिळालेली नाही. तो आकार स्वस्त पडायला जेवढा संवेग हवा, तेवढ्यात विखंडनच आधी गाठतं.