खुलासा: कॅलिफोर्नियाचा हायवे १ सगळाच 'सीनिक हायवे' नाही

'समुद्रकाठचा अख्खा हायवे १ सरकारने सीनिक हायवे जाहीर केलाय, आता तिथे कुठेच बांधकाम होणार नाही,' असा मेसेज कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मीही तो खरा मानून पुढे पाठवला. चूक माझी, म्हणून दुरुस्त करते.

सीनिक हायवे ही निसर्गरम्य रस्त्यालगतचं दृश्य जपायची राज्याची योजना आहे. १९६३ साली सुरू झालेल्या या योजनेत 'पात्र' आणि 'जाहीर' असे दोन प्रकार आहेत. पात्र रस्ते राज्याच्या कायद्यातच दिलेत. हायवे १ चा बराच भाग त्यात येतो. जाहीर व्हायचं तर काउंटीने किंवा शहराने रस्त्यालगतचं दृश्य जपायचा आराखडा मंजूर करून कॅल्ट्रान्सकडे, म्हणजे राज्याच्या वाहतूक खात्याकडे, अर्ज करावा लागतो. बिग सर या किनारी भागातला हायवे १ चा पट्टा १९६५ मध्येच जाहीर झाला. मरीन काउंटीतला हायवे १, इतका देखणा असूनही, फक्त पात्र आहे. कॅल्ट्रान्सच्या यादीत हा फरक स्पष्ट दिलाय, आणि जाहीर पट्ट्यांवर पॉपीच्या फुलाची पाटी असते.

बांधकामावर सरसकट बंदी जाहीर पट्ट्यांतही नाही. जमीनवापराचे आणि जाहिरातफलकांचे नियम असतात, ते स्थानिक आराखड्यातले.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा खुलासा पाठवा.