काका, वय विचारा, आधार कशाला?

काका, पॉर्न साइट्सवर वय तपासण्याच्या कायद्यांबद्दल मी मागे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘घरात तेरा वर्षांचा नातू आहे आणि तुम्ही त्या घाणेरड्या साइट्सची वकिली करताय. दारूच्या दुकानात वय बघतात, मग इथे आधार मागितलं तर बिघडलं कुठे?’ असं तुम्ही विचारता.

वकिली केली नाही. पण मागच्या लेखात ‘असल्या कायद्यांनी काही होत नाही’ असं ठोकून दिलं होतं, ते चुकलंच. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून वयाची तपासणी सक्तीची झाली आणि बड्या साइट्सनी ती मुकाट्याने सुरू केली. जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड म्हटल्यावर हुज्जत कोण घालणार? (त्याच आठवड्यात व्हीपीएन, म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारं अ‍ॅप, घेणाऱ्यांची झुंबड उडाली, ते सोडा.)

आता दारूचं दुकान. तिथला माणूस तोंड बघतो, फार तर कार्ड बघून परत देतो. झेरॉक्स ठेवून घेत नाही. साइटवर चढवलेला फोटो कुणाच्या सर्व्हरवर जाऊन पडेल, सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्डने सांगितलं की, वयाच्या तक्रारींसाठी सुमारे ७०,००० लोकांनी दिलेले ओळखपत्रांचे फोटो बाहेरच्या एका कंपनीकडून फुटले असावेत. ते निदान गप्पांचं अ‍ॅप. इथे ओळखपत्राशेजारी माणसाने काय बघितलं तेही असेल. असली यादी इंदुरात फुटली, तर रामबागेतून राजवाड्यावर पोचायला एक प्लेट पोहे संपेपर्यंतचाही वेळ लागणार नाही.

फ्रान्सची रीत मला पटते. तिथे साइटला असा एक तरी मार्ग ठेवावा लागतो, की वय तपासणाऱ्याला साइट कोणती ते कळू नये आणि साइटला माणूस कोण ते कळू नये. ‘१८ पूर्ण’ एवढाच निरोप पोचतो.

आपल्याकडे मात्र पहिला हात बंदीवर जातो. मागणी तर आपल्याच गावातून गेली होती: इंदूरचे वकील कमलेश वासवानी २०१३मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. २०१५मध्ये सरकारने ८५७ साइट्स बंद करायला सांगितल्या आणि चार-पाच दिवसांत आदेश सैल केला.

आणि आधार म्हणजे ओटीपी आलाच. तो कुणाच्या फोनवर येणार, काका? आमच्याकडे गॅसचा, बँकेचा, शाळेचा, सगळे ओटीपी बाबांच्या मोबाइलवर येतात. दुपारी तो मोबाइल भाच्याच्या हातात असतो. घंटी वाजली की बाबा झोपेतच म्हणतात, ‘बघ रे, काय आलंय, टाकून दे.’