‘घराचं नगरसेवकाला विचारू नका’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट पुन्हा फिरायला लागली. तिचा सारांश असा: ‘घर म्हाडा देतं, झोपडपट्टी एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) बघतं, पैसा दिल्लीहून येतो. नगरसेवकानं गटार, नळ आणि दिवे बघावेत. शहराचा आराखडा तज्ज्ञांचं काम आहे, राजकारणी घुसले की घोटाळे होतात. इतकी वर्षं नगरसेवकांऐवजी सरकारनं नेमलेले प्रशासक होते, काय बिघडलं?’

या पोस्टचा मला राग येतो, कारण ती वाचून जबाबदारीतून सगळ्यात आधी सुटतो तो नगरसेवकच. मुद्दे एकेक घेऊ.

‘घर म्हाडा देतं, झोपडपट्टी एसआरए बघतं.’ अर्धं खरं आहे. एसआरएच्या योजनांमध्ये एसआरए हेच नियोजन प्राधिकरण असतं आणि तिथं महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, शब्द फारसा चालत नाही. पण शहरात कुठली जमीन घरांसाठी, कुठली शाळेसाठी, कुठली बाजारासाठी, हे विकास आराखड्यात ठरतं. तो करायची जबाबदारी 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यानं महापालिकेवर टाकली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेली बारावी अनुसूची काढून बघा. नगरनियोजन, जमिनीच्या वापराचं नियमन, झोपडपट्टी सुधारणा हे विषय त्यात नावानिशी आहेत. शेवटची मंजुरी राज्य सरकारची, हे मान्य. पण सरकारकडे जाणारा कागद आधी महासभेच्या टेबलावरून जातो.

‘आराखडा तज्ज्ञांवर सोडा.’ या मुद्द्यावर मुंबईचा अनुभव बोलका आहे. 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा सल्लागार कंपनीच्या मदतीनं तयार झाला आणि फेब्रुवारी 2015 मध्ये लोकांसमोर आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो नव्यानं करायला सांगावं लागलं. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला. त्यावरच्या हजारो हरकतींची सुनावणी नियोजन समितीनं घेतली. ही समिती कशी बनते ते पोस्ट लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. कायद्यानुसार तीत स्थायी समितीचे तीन सदस्य, म्हणजे नगरसेवक असतात आणि त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. दोघं एकाच टेबलाला बसतात. जुलै 2017 मध्ये महासभेनं आराखडा दुरुस्त्यांसह मंजूर केला आणि मे 2018 मध्ये सरकारची मंजुरी आली.

त्या वादात कोळीवाड्यांच्या हद्दींचा प्रश्न मोठा होता. नकाशावर कोळीवाडा आखलेला नसेल, तर मासळी सुकवायची जागा, जाळी विणायची जागा, होड्या ओढायची जागा हा सगळा ‘मोकळा भूखंड’ ठरतो आणि वस्तीला झोपडपट्टी म्हणायची वाट मोकळी होते. मासळी कुठं सुकते हे उपग्रहाच्या चित्रावरून कळत नाही. ते तिथल्या बाईला माहीत असतं, आणि तिला आयुक्तांची भेट मिळाली नाही तरी नगरसेवकाचं ऑफिस माहीत असतं. एसआरएचं परिशिष्ट-2, म्हणजे झोपडीधारकांची पात्र-अपात्र यादी, लागलं की रेशनकार्ड, जुनं वीजबिल, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घालून लोक तिथंच येतात. झोपडीत भाड्यानं राहणाऱ्यांची नावं त्या यादीत अनेकदा नसतात, हे सभागृहात सांगायला त्या लोकांना पाहिलेला माणूस लागतो.

‘पैसा दिल्लीहून येतो.’ येतो. पण 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) घरांच्या मागणीचं सर्वेक्षण स्थानिक संस्थेनंच करायचं होतं. सर्वेक्षणात वस्तीच राहून गेली तर दिल्लीचा पैसा तिथं पोचणार कसा? केरळात लाइफ मिशन या सरकारी घरकुल योजनेची लाभार्थी यादी ग्रामसभा आणि वॉर्डसभेपुढे ठेवतात. आपल्याकडे क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या मतदारांची सभा, कायद्याच्या पुस्तकात आहे, प्रभागात कुणी भरवताना दिसत नाही.

‘राजकारणी घुसले की घोटाळे होतात.’ होतात, आणि भूखंडांवरची आरक्षणं उठवण्यात नगरसेवकांचे हात नाहीत असं मी म्हणणार नाही. पण महासभेत ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, हे इतिवृत्तात लिहिलेलं असतं. अनधिकृत बांधकाम केलं किंवा त्याला मदत केली तर नगरसेवकपद जाऊ शकतं. बंद दाराआडच्या निर्णयाला यातलं काहीच लागू होत नाही.

नाशिकचं बघा. दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरात 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं असेल, तर 20 टक्के घरांचा वाटा अल्प उत्पन्न आणि दुर्बल गटांसाठी ठेवावा लागतो आणि त्या घरांचं वाटप म्हाडामार्फत होतं. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, असा आरोप 2022 मध्ये तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांनी केला आणि प्रकरण विधान परिषदेत गाजलं. खरं तर हा महासभेत दर महिन्याला लावून धरायचा प्रश्न आहे: अशा भूखंडांवर किती परवानग्या दिल्या, म्हाडाला किती घरं कळवली?

‘प्रशासक होते, काय बिघडलं?’ मुंबई-पुण्यात मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं प्रस्ताव ठेवणारा आणि तो मंजूर करणारा माणूस एकच होता. याच काळात धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या घरांसाठी मुलुंड, देवनारसारख्या ठिकाणच्या जागांचे निर्णय पुढे सरकले. मुलुंडकर रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या वतीनं हरकतीचा मुद्दा घ्यायला सभागृहात कुणी नव्हतं. जे घर सोडणार आणि ज्यांच्या शेजारी येणार, दोघांनाही विचारणारं कुणी नव्हतं.

आता महासभा पुन्हा भरतात. आपल्या प्रभागात दुर्बल घटकांच्या घरांसाठी आरक्षित भूखंड किती, त्यावर आज काय उभं आहे आणि बिल्डरांकडून आलेली 20 टक्के घरं कुणाला मिळाली, हे तीन लेखी प्रश्न आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या आणि ते सभागृहात कधी विचारणार त्याची तारीख त्यांच्याकडून लिहून घ्या.