झडपेवरची गाठ चरबीची नसते

पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘ब्रीडर पक्षी (उबवायच्या अंड्यांसाठी पाळलेला नर किंवा मादी) अचानक मेला तर हृदय कापून बघा. आत पिवळी गाठ दिसली तर ती चरबी. जास्त खाद्याने हार्ट अटॅक आला. हा आजार लागण होणारा नाही. पाण्यातून पाच दिवस अँटिबायोटिक चालवा, गाठ विरघळते.’ मेलेला पक्षी उघडून बघा, एवढा सल्ला मात्र सोन्यासारखा आहे. तेवढा ठेवू आणि बाकीच्याकडे वळू, कारण ती गाठ बहुधा चरबीची नसून हृदयाच्या झडपेवर बसलेल्या जिवाणूंच्या संसर्गाची असते.

आधी चरबी. हृदयाची चरबी बाहेरून असते, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या खाचेत, गुळगुळीत आणि तुकतुकीत. झडपेच्या पातळ पडद्यावर ती गाठीसारखी साठत नाही. हृदय हातात घ्या, डाव्या वरच्या कप्प्यातून कात्री घालून भिंतीच्या कडेने टोकापर्यंत कापा आणि पुस्तकासारखं उघडा. मेल्यावर साकळलेलं रक्त जेलीसारखं चमकतं आणि चिमट्याने उचललं की घसरून येतं. संसर्गाची गाठ तशी येत नाही. ती पिवळसर-पांढरी, खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी असते. झडपेला घट्ट धरून बसते, ओढली तर भुगा होतो आणि खाली ओरखडलेली जागा उरते. हा गोठलेल्या फायब्रिनचा (रक्त साकळवणाऱ्या प्रथिनाचा), दाहाच्या पेशींचा आणि जिवाणूंचा थर. काचपट्टीवर घासून ग्रॅम रंग (जिवाणू ओळखायचा रंग) देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बहुतेक वेळा जांभळ्या गोल जिवाणूंच्या जोड्या नाहीतर साखळ्या दिसतात: एन्टरोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, कधी झुपक्यांतला स्टॅफिलोकॉकस. लाल दिसणारा पाश्चुरेलाही अधूनमधून सापडतो. (नमुना लॅबला द्यायचा असेल तर हृदय पाण्याने धुऊ नका. धुतलं की नळाचे जिवाणूच वाढतात.)

इथे एक गफलत नेहमी होते. पक्ष्यांची उजवी झडप पडद्यासारखी नसतेच, तो स्नायूचा जाड पदर असतो. तो पाहून ‘झडप सुजली’ म्हणणारे मी बघितलेत. हा संसर्ग बहुधा डावीकडच्या पातळ झडपेवर बसतो, कधी महाधमनीच्या तोंडाशी.

‘अचानक मेला’ हेही नेहमी खरं नसतं. गाठीचे तुकडे सुटतात, रक्ताबरोबर जातात आणि बारीक धमन्यांत अडकतात. म्हणून यकृतावर, प्लीहेवर किंवा मूत्रपिंडावर रेघ मारल्यासारख्या स्पष्ट कडेचे फिकट पट्टे दिसतात. तेवढ्या भागाचं रक्त तुटलेलं असतं. तुकडा मेंदूत गेला तर मान वाकडी होते. असा पक्षी कित्येकदा आधी काही दिवस मलूल होता, वाळत होता, लंगडत होता. हजारोंच्या शेडमध्ये तो कुणाच्या नजरेत भरला नाही, इतकंच. लठ्ठ मादी खरोखर अचानक मरते, नाही असं नाही. पण तिच्या झडपा स्वच्छ असतात.

‘लागण नाही’ हे अर्धं खरं. सर्दीसारखी ही गाठ एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे उडी मारत नाही. एन्टरोकॉकस तर निरोगी कोंबडीच्या आतड्यातही राहतो. प्रश्न तो रक्तात कुठून शिरला हा आहे. ब्रीडरमध्ये त्याला वाटा भरपूर: ओल्या, ढेपाळलेल्या लिटरने (शेडमधल्या भुशाच्या अंथरणाने) फाटलेले तळवे, नर चढताना मादीच्या पाठीवर आणि बगलेत पडणारे ओरखडे, नरांच्या झटापटी, लसीची न बदललेली सुई. एकाच शेडमध्ये पाठोपाठ तीन-चार हृदयं अशी निघाली तर मी खाद्याच्या गोण्या मोजत बसणार नाही. जिवंत पक्षी उचलून त्यांचे तळवे उलटे करून बघेन. शिवाय गाठीमागे एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू निघाला तर तो कापणाऱ्याच्या बोटाच्या जखमेतूनही शिरतो. ग्लोव्हज घाला.

राहता राहिलं ते पाच दिवसांचं अँटिबायोटिक. गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. औषध वरून वाहून जातं आणि आत दबलेले जिवाणू सुस्तावून पडून राहतात. समजा ते मेले, तरी कुरतडलेली झडप पूर्ववत होत नाही. त्यात आजारी पक्षी पाणीच कमी पितो, म्हणजे पूर्ण डोस जातो तो धडधाकट पक्ष्यांच्या पोटात. नुकताच रक्तात संसर्ग झालेल्या, अजून झडप न बिघडलेल्या पक्ष्यांना योग्य औषधाचा उपयोग होतो. पण योग्य कोणतं ते कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (लॅबमध्ये जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघणारी चाचणी) सांगते, फॉरवर्ड नाही. उदाहरणार्थ, सेफॅलोस्पोरिन गटाच्या अँटिबायोटिकांना एन्टरोकॉकस जन्मतःच दाद देत नाही. हाताशी आहे म्हणून तेच ओतलं तर मरतूक तशीच चालू राहते, आणि वर बाकीच्या कळपातल्या जिवाणूंत औषधाला न जुमानण्याची ताकद (रेझिस्टन्स) तयार होते.

तेव्हा पुढच्या वेळी अशी गाठ दिसली तर हृदय स्वच्छ पिशवीत, बर्फावर ठेवून लॅबला पाठवा. ते पोचेपर्यंत शेडमधलं ओलं लिटर काढायला घ्या, पाण्याच्या निपलखालून सुरुवात करून.