‘खिरापत’ या शब्दाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘तळमळीचा शिक्षक’ या टोपणनावाने लिहिणारे वाचक,

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलच्या ३० गुणांवर मी लिहिलं. उत्तर बरोबर आलं का यापेक्षा मुलाने रीडिंग कसं घेतलं याला गुण द्यावेत, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी सुरू होते : “तीस वर्षं गुणांची खिरापत वाटून झाली, आता निवृत्तीनंतर बाईंना प्रामाणिकपणा आठवला.” त्यापुढे तीन मुद्दे आहेत : अशा तपासणीला वेळ लागतो, पक्षपात होईल, आणि इंग्लंडनेही प्रॅक्टिकलचे गुण काढून टाकले. ते मी वाचले. पण आधी हे पहिलं वाक्य.

त्याच्याही आधी माझी चूक. लेखात व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्या उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, मी ०.०१ मिलिमीटर लिहिला होता, तो ०.०१ सेंटिमीटर हवा. मिलिमीटरवाला स्क्रू गेजचा. दुरुस्ती केली आहे, आभार. “एवढंही ठाऊक नसलेल्यांनी मूल्यमापनावर बोलू नये” ही जोड मात्र अनावश्यक होती. रात्री साडेअकराला मोबाइलवर टाइप करणाऱ्या माणसाचं बोट घसरतं.

आता खिरापत. मी ती कधी वाटलीच नाही, असा दावा मी लेखात केलेला नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही त्याच पंगतीत होते. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून दुसऱ्या कॉलेजात गेलं की चहाबरोबर गुणांची यादी पुढे यायची, सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, आणि सहीची जागा तेवढी रिकामी. मी सह्या केल्या आहेत. पण ‘तीस वर्षं’ हा आकडा तुम्ही कुठून काढलात? माझी नोकरीच सव्वीस वर्षांची, आणि त्यातली शेवटची सोळा वर्षं मी काय केलं हे विचारायचं सौजन्य तुम्ही दाखवलं नाहीत. म्हणून न विचारताच सांगते.

तालुक्याचं गाव, पंचवीस मुलांची बॅच, चालू स्थितीतली स्टॉपवॉच चार. पेंड्युलमचा प्रयोग. एका मुलाने लांबी बरोबर एक मीटर घेतली होती, आणि ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली, जे निम्मी बॅच विसरते. वीस दोलनांना वेळ ३८.२ सेकंद. पुन्हा ३८.१. पुन्हा ३८.२. त्यावरून g, म्हणजे गुरुत्व त्वरण (पुस्तकात ९.८१), आला १०.८. शेजारच्या टेबलावर ९.८१, त्याच्या पलीकडे ९.८१, खिडकीपर्यंत सगळीकडे ९.८१.

जुन्या हिशेबाने या मुलाला पाचपैकी दोन मिळाले असते. मी म्हटलं, मोजून दाखव. त्याने गोळा सोडला आणि सोडता सोडता म्हणाला, “एक.” म्हणजे एकही दोलन पूर्ण न होता एक! विसावर थांबला तेव्हा दोलनं झाली होती एकोणीस. मी काही बोलले नाही, फक्त पुन्हा मोज म्हटलं. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच थांबला. “मॅडम, एक म्हणालो तेव्हा काही झालंच नव्हतं.” मग शून्यापासून मोजलं : ४०.२ सेकंद, g ९.७७. जुनं रीडिंग त्याने खोडलं नाही, एक रेघ मारून बाजूला कारण लिहिलं. त्याला पाच दिले. ९.८१ वाल्याला दोन. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी भांडायला आले, तेही सांगून ठेवते.

आता तुम्हीच हिशेब करा, फिजिक्सचे आहात म्हणता. बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. चाळीस सेकंदांत तेवढी चूक म्हणजे अर्धा टक्का, g मध्ये एक टक्का, म्हणजे ०.१. मग बाकी सगळ्यांचं नेमकं ९.८१ कसं येतं? शिवाय मुंबईत g ९.७९ च्या आसपास आहे. ९.८१ हा युरोपातल्या अक्षांशांचा आकडा, तो आपल्या लॅबमध्ये पुस्तकातूनच येतो. खिरापत म्हणायची तर ती याला म्हणा.

बाकीचं थोडक्यात. वेळ लागतो, हो, लागतो. पक्षपात होईल म्हणता, तर तो आजही होतोच, फक्त सगळ्यांच्या बाजूने होतो. आणि इंग्लंड. तिथे २०१५ पासून सुरू झालेल्या नव्या ए-लेव्हलमध्ये (तिथली आपल्या बारावीसारखी परीक्षा) प्रॅक्टिकलचे गुण ग्रेडमधून काढले, हे खरं. पण किमान बारा प्रयोग करून त्याचा वेगळा ‘पास’ मिळवावा लागतो, आणि लेखी परीक्षेतले १५ टक्के गुण प्रयोगाच्या कौशल्यांवर असतात. हा भाग तुमच्या प्रतिक्रियेत नाही. माहीत नव्हता की सोयीचा नव्हता?

तुमच्या वयाचा किंवा नोकरीचा मी उल्लेख केलेला नाही, कारण टोपणनावाला दोन्ही नसतात. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या बॅचची जर्नल्स समोर घेऊन बसा आणि g बरोबर ९.८१ आलेली मुलं किती, तेवढं मोजून कळवा. मुलं मोजताना सुरुवात एकपासूनच करायची.