वीसचं ॲव्हरेज आणि माझा उजवा पाय

काल संध्याकाळी टाकी फुल केली. ३४६ किलोमीटर झालेले, ३३.२ लिटर बसलं. भागाकार तुम्हीच करा, मला आता तो करवत नाही. दहा पॉईंट चार. हजार सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, तीन सिलिंडर, चार मीटरच्या आतला एवढासा डबा, मागच्या सीटवर तिसरा माणूस बसला तर खांदे तिरके करावे लागतात, आणि ॲव्हरेज दहा पॉईंट चार! आणि डॅशबोर्डवरचा स्क्रीन काय सांगतोय? ११.६. म्हणजे घरचाच माणूस तोंडावर खोटं बोलतोय.

पंपावरच्या पोराला मी दर वेळी सांगतो, बाबा नोझल पहिल्यांदा कट झालं की थांब, वरून घालू नको. तरी तो विचारतोच, "साहेब ३४५३ झालेत, पस्तीसशे राऊंड करू?" नको रे बाबा, करू नको, माझा हिशेब बिघडतो. मग तो माझ्याकडे असा बघतो, जणू माझ्या घरी काहीतरी झालंय. मी तिथेच बोनेटवर वही ठेवून किलोमीटर लिहितो, मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो. ही वही २०२२ च्या दिवाळीपासून आहे, गाडी आली त्या आठवड्यापासून. त्यात सिटीत सगळ्यात भारी आकडा १२.३ आहे आणि तो कधीचा माहितीये? गणपतीच्या सुट्टीतला, रस्ते रिकामे होते तेव्हाचा.

बरं, आकड्याचं दुःख एकवेळ गिळलं असतं. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. हा आकडा ज्याला ज्याला सांगावा तो पहिल्यांदा माझ्या उजव्या पायाकडे बघतो. "पाय जड असेल तुझा." सोसायटीतले काका, ऑफिसमधला ज्युनिअर, सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर, माझे स्वतःचे वडील, सगळे! वडिलांनी आयुष्यभर स्कूटर चालवली, चारचाकीचं स्टिअरिंग एकदा मैदानात धरलंय, पण तेही म्हणाले, "हळू चालवत जा की जरा." अहो बाबा, पुण्यातल्या भूमकर चौकाच्या ट्रॅफिकमध्ये मी अजून हळू चालवली तर गाडी मागे जाईल!

घेताना शोरूममध्ये काय काय ऐकलंय मी. "सर, डिझेल विसरा आता. पॉवर मोठ्या गाडीची, पेट्रोल छोट्या गाडीचं." टेस्ट ड्राइव्हला दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली तर पाठ सीटला चिकटली, मी खूश. ब्रोशरमध्ये वीस लिहिलेलं. मी काय येडा नाही, वीस मिळणार नाही हे मला पण कळत होतं. म्हटलं चला सोळा देईल, पंधरा देईल, पंधराला पण हात जोडले असते. आमच्या जुन्या साध्या १.२ वाल्या पेट्रोल गाडीने याच रस्त्यावर, याच पायाने, चौदा-साडेचौदा दिलंय सहा वर्षं. पाय तोच आहे हो! पाय बदलून घेतला नाही मी नव्या गाडीसोबत!

मग मी वाचायला बसलो, कारण राग आला की माझं असंच होतं. तर टर्बो म्हणजे काय, एक्झॉस्टच्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, त्याच्या जोरावर दुसरं चक्र फिरतं, आणि ते इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्या मापात जास्त घालावं लागतं, साधारण पावणेपंधरा किलो हवेला एक किलो पेट्रोल, फुकट काही नाही. आणि फारच दाबली तर आतलं तापमान आवरायला त्याहून जास्तच ओतलं जातं. म्हणजे गाडी हळू चालली तर ती छोट्या इंजिनाची आणि दाबली तर मोठ्या इंजिनाची, दोन्ही एकाच वेळी नाही. "मोठ्या गाडीची पॉवर" हे वाक्य खरं, "छोट्या गाडीचं पेट्रोल" हे वाक्य पण खरं, फक्त मधला तो 'आणि' साफ खोटा. तिथे 'किंवा' पाहिजे.

आणि ते वीस येतं कुठून हे वाचलं तेव्हा तर हसू की रडू कळेना. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. रोलरवर उभी करतात, चाकं जागेवर फिरतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. सगळा कार्यक्रम ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटं पण नाही, जेमतेम साडेदहा किलोमीटर. सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास, कमाल वेग नव्वद. एसी बंद. आणि शून्यावरून पन्नासला जायला किती वेळ? सव्वीस सेकंद! सव्वीस! तुम्ही एकदा मनात सव्वीस मोजा. नवले पुलापाशी हायवेला लागताना सव्वीस सेकंद घेऊन दाखवा, मागे कात्रजच्या उतारावरून ट्रक येतोय, तो तुमचं ॲव्हरेज विचारायला थांबणार नाही. इतक्या सावकाश वेग वाढवला तर टर्बोला कामच काय पडणार, तो बिचारा झोपूनच असणार. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी लाखभर जास्त मोजले ती झोपलेली असताना काढलेला आकडा मला ब्रोशरमध्ये दाखवला!

गंमत म्हणजे देशातल्या कितीतरी गाड्यांचं हे टेस्टिंग होतं ते आपल्या पुण्यातच, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत, वेताळ टेकडीवर. कॉलेजात असताना तिथे सकाळी फिरायला जायचो आम्ही. आता त्यांचा दोष काय, नियमात आहे तसं ते मोजतात, आणि दोन गाड्या एकाच फूटपट्टीने मोजायला ती टेस्ट ठीकच आहे. पण त्या टेकडीवरून तो आकडा खाली उतरतो, शोरूमच्या काचेवर माणसाएवढ्या अक्षरात चिकटतो, आणि हे एसी बंद करून मोजलंय हे सेल्सवाला जन्मात सांगत नाही. राग त्याचा आहे.

आता माझा रस्ता ऐका. धायरी ते हिंजवडी फेज टू, चोवीस किलोमीटर. सकाळी एक तास वीस मिनिटं, संध्याकाळी पावणेदोन तास, पाऊस असला तर देवाक काळजी. वडगाव पुलाखालून हायवेला लागायलाच दहा मिनिटं. मुठेचा पूल ओलांडला, वारजे गेलं की चांदणी चौकाचा चढ, तिथे सगळे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत. बाणेर-बालेवाडीला जरा हवा लागते, तिसरा पडतो, क्वचित चौथा. पुढे वाकड, आणि तिथून पुढे पहिला-दुसरा-न्यूट्रल, पहिला-दुसरा-न्यूट्रल, डाव्या पायाचा गुडघा बोलायला लागतो.

आणि इथेच ही गाडी खरा रंग दाखवते. पुढची गाडी चार हात सरकली. मी हलकेच ॲक्सिलरेटर दिला, गाडी ढिम्म. हजार-बाराशे आरपीएमला हिच्यात जीवच नाही, टर्बो अजून जागा व्हायचाय. मागून हॉर्न. अजून थोडा दिला, ढिम्म. अजून थोडा, आणि मग अठराशेला एकदम अंगात आल्यासारखी उसळी, आणि समोर बंपर, मारा ब्रेक! म्हणजे बूस्ट, टर्बोचा तो जोर, तयार करायला पेट्रोल जाळलं आणि तो सगळा बूस्ट ब्रेकवर घासून टाकला. हे एका सकाळी दीडशे-दोनशे वेळा. वर मे महिना, एसी तिसऱ्यावर, एवढ्याशा इंजिनाला कंप्रेसर ओढायचा म्हणजे लहान पोराच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं म्हणून एक फीचर दिलंय, त्याचे पण पैसे घेतलेत, एसी जोरात असला की ते काही बंद होत नाही. फक्त डिसेंबरात होतं. डिसेंबरात मला गरज नसते.

हिशेब सांगतो. महिन्याला साधारण हजार किलोमीटर. वीस दिलं असतं तर पन्नास लिटर, एकशेचारने बावन्नशे रुपये. साडेदहाने पंचाण्णव लिटर, नऊ हजार नऊशे. म्हणजे महिन्याला सत्तेचाळीसशे रुपये मी फक्त त्या सव्वीस सेकंदांच्या नावाने भरतोय. यात मुलीचा क्लास निघाला असता.

सर्व्हिस सेंटरला तीन वेळा जाऊन आलो. तिसऱ्यांदा आवाज चढवला तेव्हा म्हणाले, सर मायलेज टेस्ट करून देतो, रविवारी सकाळी साडेसहाला या. रविवारी, साडेसहाला, लक्षात घ्या. टाकी गळ्यापर्यंत भरली, ॲडव्हायझर स्वतः चालवायला, मी शेजारी. बसल्या बसल्या त्याने एसी बंद केला. मी म्हटलं का? "सर, प्रोसिजर आहे." मग रिकाम्या बायपासला पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या काट्यावर गाडी अशी धरली जशी मांडीवर झोपलेलं बाळ. टेम्पो ओव्हरटेक करून गेले. एक सायकलवाला ग्रुप उताराला थोडा वेळ आमच्या बरोबरीने होता, त्यातल्या एकाने आत डोकावून पण बघितलं, काय बिघडलंय म्हणून. चाळीस किलोमीटर. परत येऊन टाकी भरली, २.१ लिटर. "बघा सर, एकोणीस! गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही, तुमची ड्रायव्हिंग स्टाईल आहे."

मी त्याला म्हटलं, भाऊ, उद्या सोमवार आहे, उद्या सकाळी नऊला ये, तूच चालव, माझ्या ऑफिसला सोड मला, अकरा जरी काढलेस तरी तुला मिसळ खाऊ घालतो. तो हसला आणि जॉब कार्डवर सही करायला पेन दिलं. जॉब कार्डवर छापून आलं, कस्टमर सॅटिस्फाईड.

खोटं कशाला बोलू, हायवेला ऐंशीवर धरून ठेवली तर सतरा-अठरा देते ही गाडी, मी बघितलंय. शंभर-एकशेदहावर गेलो की चौदाच्या खाली. आणि चार माणसं, डिकीत सामान, खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये त्या स्क्रीनकडे बघूच नये, पाच दाखवतो, सहा दाखवतो, बायको म्हणते हे तापमान आहे का. पण मजा येते हो घाटात, ती एक गोष्ट कबूल करावी लागेल. तेवढ्या आठ मिनिटांपुरतं मला सगळं माफ असतं.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे दहा टक्क्यांवरून वीसवर आलो तर सरळ हिशेबाने तीन-साडेतीन टक्के गेलेच. पंपावर दर तेवढा कमी झाला का? नाव नका काढू. सगळं खापर मी त्याच्यावर फोडत नाही, माझी वही सांगते की रडगाणं आधीपासूनचंच आहे. पण माझे सासरे कराडचे, पाच एकर ऊस. मागच्या दिवाळीत मी जेवताना हा विषय काढला तर म्हणाले, "जावईबापू, आमचाच ऊस जातोय की तुमच्या टाकीत, घरचंच समजा." यावर काय बोलणार? अजून दोन चमचे बासुंदी वाढून घेतली.

आणि सगळ्यात वर मेहुणा. चिंचवडला असतो, सीएनजीची वॅगनआर आहे. तो माणूस मला भेटला की नमस्काराऐवजी, "दाजी, किती देती मग?" असं विचारतो. दर वेळी. लग्नात विचारलं, बारशाला विचारलं, एकदा दहाव्याला विचारलंय. मी म्हणतो तू सीएनजीच्या लाईनीत पाऊण तास उभा राहतोस त्याचं काय, तो म्हणतो लाईनीत इंजिन बंद असतंय दाजी.

गेल्या महिन्यात हट्टाला पेटून एक आठवडा पायाखाली अंडं ठेवल्यासारखी चालवली. खरंच. दोन हजारच्या वर आरपीएम नाही, टायरमध्ये हवा बरोबर, डिकीतली छत्री पण काढून ठेवली, एसी फक्त हायवेला. शर्ट पाठीला चिकटून ऑफिसात गेलो, दोन स्कूटरवाल्यांच्या आणि एका पीएमपी बसच्या ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या, बालेवाडीला एका आजीने मला ओव्हरटेक केलं. आठवड्याने टाकी भरली. ११.९.

वही बायकोला दाखवली. म्हटलं बघ, पायाचा प्रश्न नाही हे सिद्ध झालं. ती म्हणाली, "म्हणजे दीड वाढलंच की. पायाचाच होता थोडा."

या रविवारी कराडला जायचंय, सासऱ्यांची पंचाहत्तरी. मी शनिवारी टाकी फुल करणार होतो. आत्ता कळलं की तिने परस्पर भावाला फोन करून सांगितलंय, तू ये आम्हाला घ्यायला.