अजून करता का हे?

काल रात्री ठाण्यात एका सोसायटीचा कोजागिरीचा कार्यक्रम केला. मसाला दूध, हाऊजी, पोरांचे डान्स आणि मध्ये चाळीस मिनिटं मी. स्टेजवरून उतरलो तर पंचविशीतला एक मुलगा आला, सेल्फी काढला आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, भारीच! तुम्ही अजून करता हे?"

अजून!!

सकाळपासून हा शब्द दाढेत अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा छळतोय. गवई सत्तरीला आला की त्याचा आवाज मुरला म्हणतात, लोणच्यासारखा. डॉक्टरचे केस पांढरे झाले की लोकांना उलट बरं वाटतं. आणि विनोदी नटाने पन्नाशी ओलांडली की तो काय करतो, तर 'अजून करतो'. अरे अशोकमामांचा जन्म १९४७ चा, त्यांनी नुसती भुवई हलवली तरी थिएटर हसतं. प्रशांत दामलेंनी २०२२ ला साडेबारा हजारावा प्रयोग केला, साडेबारा हजार, म्हणजे रोज एक धरला तरी चौतीस वर्षं होतात. त्यांना जाऊन विचार की अजून करता का. मी काही त्या रांगेतला नाही, माहितीये मला, कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.

लक्ष्या गेला २००४ च्या डिसेंबरमध्ये, पन्नासाव्या वर्षी. मी आता त्रेपन्न. आपण लक्ष्यापेक्षा मोठे झालो, हे गणित ज्या रात्री डोक्यात आलं त्या रात्री पंखा बघत पडलो होतो.

असो. तर मला काल सारखे अण्णा आठवत होते.

१९९९ ची गोष्ट. नाटकाचा कोकण दौरा, मी सव्वीस वर्षांचा, दोन वाक्यांचा रोल आणि बाकी वेळ सेट लावायचा. अण्णा म्हणजे आमचे मेन कॉमेडियन, साठीचे. त्यांना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं, उजवाही कामचलाऊ, पण निर्मात्याला सांगायची सोय नाही, नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, गेली असती. आता ज्यांनी स्टेजवर काम केलंय त्यांना कळेल काय भानगड आहे ती. लाफ्टर आला की थांबायचं असतं, पण पूर्ण संपेपर्यंत नाही, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, आधी टाकलंत तर हशात बुडतं आणि उशीर केलात तर प्रयोग बसतो. हे सगळं कानाचं काम. म्हणून अण्णांनी मला विंगेत उभं केलं, हातात लाल रुमाल. हशा असेपर्यंत रुमाल वर, उतरायला लागला की खाली. आम्ही पोरं बसमध्ये त्यांची नक्कल करायचो. मीच करायचो, खोटं कशाला बोलू.

बरं, तो पोरगा अगदीच चूक नव्हता. माझ्या आयटममधली बायकोवरची पाच मिनिटं शिळी झालीयेत, आणि जाड्या माणसावरचा जोक मी स्वतःच आता काढून टाकला (माझा ढेरीचा घेर बघून). मान्य. पुढे.

मला राग त्याचा नाही खरं तर. त्याने बिचाऱ्याने दोनशे लोकांमधून उठून येऊन हात तरी मिळवला. मला राग आला कारण काल मैदानात मला हशा नीट ऐकूच आला नाही. उघड्यावर तसा तो वर उडून जातो, बंद थिएटरसारखा अंगावर येत नाही, बाजूला जनरेटर, हे सगळं खरं. पण तरी. इतकी वर्षं मी लोकांचे चेहरे बघत नाही, आवाजावर चालतो, आणि काल दोनदा पंच टाकून अंधारात पाय टाकल्यासारखं झालं.

अण्णांचं एक सांगायचं राहिलं, पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नाहीये. चिपळूणच्या प्रयोगाला त्यांचा हुकमी पंच पडला. साफ पडला, कोणी खोकलंसुद्धा नाही. आणि मी रुमाल वर धरला. का धरला देव जाणे, दया आली की मस्ती होती, आज आठवत नाही. अण्णा थांबले. शांत थिएटरमध्ये हसऱ्या चेहऱ्याने, मान जरा तिरकी करून, न आलेला हशा ओसरायची वाट बघत उभे. चार-पाच सेकंद असतील, पण स्टेजवर पाच सेकंद म्हणजे काय ते करणाऱ्याला विचारा. मग लोक त्या थांबण्यालाच हसले. रंगपटात मेकअप पुसताना म्हणाले, "आज बरा आला ना रे?" मी म्हटलं, "दणदणीत, अण्णा."

काल बायको पहिल्या रांगेत होती. बावीस वर्षं तेच पंच ऐकतीये, घरी हसत नाही. काल प्रत्येक पंचला सगळ्यात आधी हसत होती, जरा जास्तच जोरात, आणि मी तिच्याकडे बघून पुढचं वाक्य टाकत होतो, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

रिक्षात तिला विचारलं, "बरा आला ना?"

"दणदणीत," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. रिक्षाला खिडकी नसते, कळतंय मला.